कोणाच्या ओळखीनं आलात?

दिल्लीच्या आसपास राहायचं तर दोन प्रश्नांची उत्तरं कायम जिभेवर हवीत. सोसायटीच्या गेटवर विचारतात, "किसके यहाँ जाना है?" आणि कचेरीच्या खिडकीवर विचारतात, "किसने भेजा है?" तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. त्यात कुणाला रसच नसतो. तुम्ही कोणाचे, एवढं कळलं की पुरतं. नोएडात आल्यावर सुरुवातीची काही वर्षं मी बाणेदारपणे सांगत असे, "कुणीही पाठवलेलं नाही, माझी मीच आलेय." मग मला कोपऱ्यातलं एक बाकडं दाखवण्यात येई. त्या बाकड्यांवर बसून माझं मराठी कादंबऱ्यांचं वाचन चांगलं झालं.

त्यात मला कॉम्प्युटरचा नाद, आणि त्यातही वेबच्या खुल्या मानकांचा. म्हणजे असं, की वेबचं पान कसं लिहायचं याचे नियम सगळ्या जगाला ठाऊक असावेत, ते वापरायला कुणाची परवानगी नको, कुणाला पैसे नकोत, आणि नियम पाळून लिहिलेलं पान कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही यंत्रावर बिनबोभाट उघडावं. स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेनं 30 एप्रिल 1993 रोजी वेब सगळ्यांना फुकट देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी टिम बर्नर्स-ली यांनी ही मानकं ठरवणारी संस्था काढली, तेव्हापासून मुळातला बेत हाच आहे. थोडक्यात, ओळखपाळख नसताना काम व्हावं. "नोएडात राहून तू ही अपेक्षा करतेस?" नवरा विचारतो. तो बँकेत आहे. तिथं खातं उघडायलासुद्धा ओळख देणारा लागायचा.

वेबवर तरी ही भानगड नसेल अशी माझी भाबडी समजूत होती. पण तिथंही दारात चौकीदार आहेच. आपण कुठलंही पान उघडायला गेलो की आपला ब्राउझर आधी स्वतःचं नावगाव सांगतो. 1994 साली नेटस्केप निघाला, तो स्वतःला मोझिला म्हणवायचा. त्याला चौकटी-चौकटींची पानं दाखवता यायची, म्हणून चौकीदारांनी नियम केला की मोझिलाला चांगलं पान द्यायचं, बाकीच्यांना साधं. मग मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला. तो दारात म्हणाला, "मी मोझिलाच, म्हणजे त्यांच्याशी आपलं जमतं." पुढं मोझिलाच्या नव्या इंजिनाचं नाव गेको पडलं. तर सफारी आला आणि म्हणाला, "मी मोझिला, गेकोसारखा." 2008 साली क्रोम आला. तो म्हणाला, "मी मोझिला, गेकोसारखा, शिवाय सफारी आमच्या घरचाच." मायक्रोसॉफ्टचा आजचा एज हे सगळं म्हणून दाखवतो, त्यात क्रोमचंही नाव घेतो आणि सगळ्यात शेवटी हळूच स्वतःचं. नेटस्केप स्वतः 2008 सालीच निवर्तला. त्याच्या वशिल्यावर सगळं जग अजून आत शिरतंय. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम नोएडा आपलंसं वाटलं.

माझ्या नादाचं माहेर म्हणजे नेहरू प्लेस. बोटॅनिकल गार्डनहून मॅजेंटा लाइन धरायची, कालकाजी मंदिरला बदलायची, की पुढचं स्टेशन तेच. हाताला लागेल ते पत्रक, कानाला लागेल ती किंमत. तिथं मी एकदा विंडोज नसलेला लॅपटॉप मागितला.

"मैडम, विंडोज डाल देंगे. फ्री में."

"नको. मला कोराच हवाय. मी लिनक्स घालणार."

"पैसे नहीं लगेंगे मैडम. ऑफिस भी डाल देंगे, फोटोशॉप भी. सब फ्री."

"लिनक्सही फुकटच असतं. पण कायदेशीर फुकट."

दुकानदारानं हातातलं कॅल्क्युलेटर खाली ठेवलं. फुकट त्याला कळत होतं, कायदेशीरही कळत होतं. पण ही दोन्ही एका वाक्यात शेजारी शेजारी बसलेली त्यानं प्रथमच पाहिली असावीत. आतल्या मुलाला हाक मारून तो म्हणाला, "देख, मैडम को क्या चाहिए." मुलगा आला, ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मैडम, आप किसी और के लिए ले रही हैं क्या?"

तो लॅपटॉप घेऊन मी एका पोर्टलवर अर्ज भरायला बसले. कुठल्या पोर्टलवर ते सोडून द्या. पानाच्या तळाशी पाटी होती की हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच नीट दिसेल. वर सूचनांची यादी होती: अमुक जावा घाला, तमुक जावा असेल तर काढा, पॉप-अप अडवणारं बंद करा, आमच्यावर विश्वास ठेवा असं ब्राउझरला लिहून द्या. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"मैडम, एक्सप्लोरर में खोलिए."

"अहो, एक्स्प्लोरर बंद झालाय. 15 जून 2022 ला कंपनीनंच निवृत्त केला त्याला."

"हमारे यहाँ तो चल रहा है."

मग मला स्फुरण चढलं. मी त्याला सांगितलं, की भारत सरकारनं नोव्हेंबर 2010 मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलंय. त्याच्याही आधी, 2009 मध्ये, सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं निघालीत. माहिती तंत्रज्ञान खात्याकडे लोधी रोडला वेबच्या मानकांच्या त्या जागतिक संस्थेचं भारतीय कार्यालय होतं. म्हणजे तुमच्या माझ्यापासून मेट्रोच्या अंतरावर!

पलीकडं जरा शांतता पसरली. मग तो अदबीनं म्हणाला, "मैडम, वो सब ऊपर की बात है. यह हेल्पलाइन है. आप कैश क्लियर करके देखिए."

मानकांच्या बाबतीत दिल्ली अशी आहे. धोरण इथलंच, आणि त्याला न जुमानणारं पोर्टलही इथलंच. मधल्या अंतरात आम्ही राहतो.

सुट्टीत कराडहून मामा आले तेव्हा मामी म्हणाल्या, कुतुबमिनार दाखव, लोटस टेंपल दाखव. ते दाखवलंच. पण आयटीओवरून जाताना माझ्यानं राहवेना. मी रिक्षा बहादूरशाह जफर मार्गाला वळवली आणि त्यांना मानक भवनासमोर उभं केलं.

"हे काय?" मामा.

"भारतीय मानक ब्युरो."

"म्हणजे गिझरवर आयएसआय असतं ते?"

"तेच. पण मामा, 2008 साली मायक्रोसॉफ्टचा एक फाइल फॉरमॅट जागतिक मानक व्हावा म्हणून मत मागत होते. मोठमोठे देश हो म्हणाले. या ब्युरोनं नाही म्हटलं!"

मामांनी इमारतीकडं आदरानं पाहिलं. "मग बंद झाला का तो फॉरमॅट?"

"नाही. बाकीच्यांच्या मतांवर मंजूर झाला. आता सगळीकडं तोच चालतो."

मामा बराच वेळ इमारतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चहा मिळेल का गं इथं कुठं?" कराडला गेल्यावर त्यांनी सहलीचे सगळे फोटो मला पाठवले. त्याच फॉरमॅटच्या एका फाइलमध्ये चिकटवून.

माझ्या पंथाचा एक सणही आहे. 30 नोव्हेंबरला जगभरातले वेब मानकांचे भक्त निळी लोकरी टोपी घालतात. जेफ्री झेल्डमन नावाच्या गृहस्थांनी या मानकांवर पुस्तक लिहिलं, त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ते निळी टोपी घालून आहेत; त्यावरून 2007 पासून ही प्रथा पडली. दिल्ली परिसरात लोकरीला तोटा नाही. दिवाळी झाली की समोरच्या आंटी गच्चीत ऊन खात विणत बसतात. मी त्यांना सांगितलं, निळी, साधी, गोंडा नको. तोंडी नको म्हणून कागदावर लिहूनही दिलं.

टोपी आली ती मरून रंगाची. वर गोंडा, आणि कडेनं पिवळी नक्षी.

"आंटी, मी निळी म्हटलं होतं."

"बेटा, नीला ऊन कम पड़ रहा था. और यह तुझ पर ज़्यादा जँचेगा. गोंडा अपनी तरफ़ से डाला है, उसके पैसे नहीं."

ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी तीस वर्षं मानकांचं काय केलं, ते मी पुस्तकांतून वाचलं होतं. त्या दिवशी ते डोक्यावर घालून पाहिलं. नियम लिहिणारा निळं लिहितो, करणाऱ्याच्या घरात मरून लोकर असते, आणि गोंडा हा प्रत्येकाला स्वतःकडून द्यायचाच असतो.

तीच टोपी घालून मी 30 तारखेला सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारल्या. धुरकं होतं, पण थंडी अशी फार नव्हती.

"भाभीजी, जुकाम?" पहिल्या फेरीला एकांनी विचारलं.

"नहीं जी, वेब स्टँडर्ड्स के समर्थन में."

"अच्छा अच्छा, वेब सीरीज़! कौन-सी?"

दुसऱ्या फेरीला गार्ड जवळ आला. दिल्लीत 2012 पासून टोपी ही डोक्यावरची कमी आणि मतदार यादीतली जास्त झालीय. आवाज उतरवून त्यानं विचारलं, "मैडम, सफ़ेद वाली तो मालूम है. यह मरून वाली कौन-सी पार्टी की है? फ़ॉर्म भर रहे हैं क्या?"

गणपतीत आमच्या इकडची मराठी मंडळी उत्सव करतात. पत्रकाचं काम माझ्याकडं नसतं, कारण मला वेळ फार लागतो. मी पानाच्या डोक्यावर ही भाषा मराठी आहे असं नोंदवते, मग चांगला फॉन्ट आपसूक मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श काढतो. नाहीतर दिल्लीत सगळीकडं हिंदी वळणाचेच दिसतात. हे मी पडदा मोठा करून करून नवऱ्याला दाखवलं. त्यानं चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि "छान" म्हणाला. पत्रक शेवटी गाझियाबादच्या एका छापखान्यात गेलं. महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार ठेवला होता. छापखान्यात रफाराचं काहीतरी बिनसलं आणि पत्रकावर आचार्यांचा सत्कार उमटला. कार्यक्रमाला एक संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक उपरणं घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. शाल एकच आणलेली. ती त्यांना दिली. आचाऱ्यांना नारळ दिला. पुढल्या वर्षी ते आचारी आले नाहीत, प्राध्यापक आले.

पण माझी खरी लढाई झाली ती सोसायटीच्या इतिवृत्तावरून. आमच्या इकडं सोसायटीचा कारभार एओए, म्हणजे अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, बघते. इतिवृत्त कोर्टाबाहेर बसणारा एक टायपिस्ट टाइप करून देतो, आणि तो टाइप करतो क्रुतिदेवमध्ये. या फॉन्टची गंमत अशी की तो इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवतो. डोळ्यांना दिसतं दिल्ली, पण कॉम्प्युटरच्या पोटात असतं एफ, एन, वाय, वाय, एच. यातली एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. टाइपरायटरच्या सवयीनं ती द च्याही आधी येऊन उभी. ज्याच्याकडं तो फॉन्ट नाही त्याला ही पाच इंग्रजी अक्षरंच दिसतात. युनिकोड येऊन किती वर्षं झाली! सरकारनंही ते मान्य करून टाकलंय. मी टायपिस्टला हे समजावून सांगितलं.

तो म्हणाला, "हमारे यहाँ तो सही दिख रहा है."

हेल्पलाइनवालाही हेच म्हणाला होता. जगातल्या सगळ्या बिघाडांवर हा एकच रामबाण आहे.

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे अंकलजी आमच्याकडं आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, काही वर्षांपूर्वी दृष्टी गेली, तेव्हापासून कॉम्प्युटर कानांनी वापरतात. एनव्हीडीए नावाचा फुकट प्रोग्राम आहे, 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या अंध तरुणानं सुरू केलेला. तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो.

"बेटी, मेरा कम्प्यूटर पागल हो गया है," अंकलजी म्हणाले. "मीटिंग के मिनट्स खोले, तो घंटे भर से अंग्रेज़ी में गालियाँ दे रहा है."

मी जाऊन ऐकलं. यंत्र आपलं काम चोख करत होतं. पोटात जे होतं तेच ते वाचत होतं: एफ एन वाय वाय एच. लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव तर असा ऐकू येत होता की मंजूर झाला की फेटाळला हे सांगायला मांत्रिक लागला असता. पाण्याच्या टँकरची नोटीस उघडली, तर यंत्र एकच शब्द बोललं: "ग्राफ़िक." कारण नोटीस टाइप करून, छापून, भिंतीवर डकवून, तिचा मोबाइलवर तिरका फोटो काढून पाठवलेली.

योगायोगानं त्याच महिन्यात शेजारच्या सोसायटीची वेबसाइट झाली. आमच्या अध्यक्षजींना ते सहन होईना. त्यांनी मला बोलावलं.

"भाभीजी, आप कम्प्यूटर वाली हैं. बना दीजिए. ऊपर मेरा फोटो, और नीचे सब सूचनाएँ यूँ भागती हुई." त्यांनी हातानं पळणाऱ्या सूचना दाखवल्या.

"भागती हुई म्हणजे मार्की. ते मानकातून बाद झालंय."

"रेलवे स्टेशन पर तो चलता है."

"तिथं गाडी सुटायची असते. इथं लोकांना वाचू तरी द्या."

"और 'न्यू' लिखा हुआ जलता-बुझता?"

त्यावरून दोन बैठका झाल्या. शेवटी फोटो राहिला. पळणं आणि लुकलुकणं गेलं. फोटोला मी शब्दांत वर्णनही जोडलं, कारण मानक तसं सांगतं. अध्यक्षजींना ते आवडलं. "उसमें 'लोकप्रिय' भी डाल दीजिए," ते म्हणाले.

साइट झाली. तपासणीच्या यंत्रात घातली तर चुका शून्य. फायरफॉक्सवर चाले, क्रोमवर चाले, स्वस्तातल्या मोबाइलवर चाले, नुसत्या कीबोर्डवर चाले, चित्रं बंद करून चाले. चौकीदार नाही, पाटी नाही, कुठून आलात ही विचारणा नाही. मी नवऱ्याला ते शून्य दाखवलं. तो म्हणाला, "आणि बघितली कितीजणांनी?" तिथंही शून्यच होतं. सोसायटीतल्या लोकांना व्हॉट्सॲपवर तिरका फोटो मिळत होता आणि ते सुखी होते.

मग सकाळी सकाळी फोन आला. अंकलजी.

"बेटी, साइट पूरी पढ़ ली. क्या बढ़िया पढ़ती है! लेकिन टैंकर का जो समय अध्यक्षजी ने लिखवाया है, उस समय टैंकर आता ही नहीं. और लिफ़्ट के खर्चे का जोड़ ग़लत है. मैंने दो बार सुना."

तपासणीच्या यंत्राला कंस आणि टॅग कळतात, टँकर कळत नाही. अंकलजींना तिन्ही कळतात. रेल्वेच्या हिशेब खात्यात त्यांनी आयुष्य काढलेलं. त्यांच्या सांगण्यावरून मी तक्रारीचं एक पान जोडलं: नाव, मजकूर, पाठवा, बस. दुसऱ्या दिवसापासून अध्यक्षजींच्या मेलवर तक्रारी यायला लागल्या, शुद्ध युनिकोडमध्ये, मुद्दे एक दोन तीन करून. अंकलजींनी बागेतल्या बाकीच्या पेन्शनरांनाही शिकवलं. ज्यांना आजवर अध्यक्षजींना गाठायला त्यांच्या साडूमार्फत जावं लागे, ते आता अंथरुणातून उठायच्या आधी तक्रार टाकून मोकळे होऊ लागले.

आठवड्याभरात अध्यक्षजी स्वतः आमच्या दारात.

"भाभीजी, साइट तो बहुत अच्छी बनी है. बस, कुछ ज़्यादा ही सबके यहाँ चल रही है."

"मानकाप्रमाणे आहे ना, म्हणून."

"तो थोड़ा ऐसा नहीं हो सकता, कि जिसका मेंटेनेंस बाकी है, उसके यहाँ न खुले?"

मी म्हटलं, "होऊ शकतं की. पण अंकलजींचं मेंटेनन्स वर्षाचं आगाऊ भरलेलं असतं. बाकी कुणाची आहे ते तुमच्याच साइटवर लागलंय, हिशेबाच्या पानावर. पहिलं नाव बघा."

अध्यक्षजींनी तिथल्या तिथं फोन काढला. साइट त्यांच्या फोनवरही झटकन उघडली.